मैफलीचा आवाज आणि रात्रीचे 10

सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार, काही सवलतीचे दिवस सोडता, रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. संगीतमंडळे यावर कुरकुरतात. पण सारा दोष नियमांचाच काय? अँप्लिफायर पोटातच असलेल्या नव्या स्पीकरांनी जोडणी सोपी केली, तशी आवाज चढविण्याची खोडही वाढविली. मोकळ्यावर अंतर दुप्पट होताच आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. म्हणून जमिनीवरच्या स्पीकरने पुढच्यांचे कान किटतात नि मागच्यांना तानपुराही ऐकू येत नाही. स्पीकर श्रोत्यांच्या डोक्यांहून उंच, मायक्रोफोनच्या पुढे असावेत, शिट्टी टळते. मैदान लांब असेल तर मध्ये लहान जोडी द्यावी. ग्वाल्हेरच्या खुल्या गायकीला गडगडाट हवा कशाला?