आजीच्या फणसाचा वाडगा

तुमच्या घरात लेथवर घडवलेली एक तरी लाकडी वस्तू नक्की असेल. खरं वाटत नसेल तर स्वयंपाकघरात जा आणि लाटणं हातात घ्या. जुन्या पाळण्याच्या गोल दांड्या, माळ्यावरच्या पेटीत पडलेला भोवरा, लहानपणीची लाकडी भातुकली, हे सगळं फिरत्या लाकडाला धारदार हत्यार लावून घडतं. असं काम करणाऱ्याला मराठीत कातारी म्हणतात. हा शब्द मला मागच्या वर्षी कळला. आजीनेच फोनवर विचारलं होतं, "आता कातारी होणार की काय तू?"

झालं असं, की मागच्या जूनमध्ये बेळगावच्या आमच्या घराच्या परसातला फणस वादळात पडला. बाबा जन्मले त्या वर्षी आजोबांनी लावलेलं ते झाड. त्यात घर विकायचंही ठरलं होतं. दसऱ्यानंतर आजी काकाकडे पुण्याला जाणार होती. झाड तोडायला माणसं आली तेव्हा ती घराबाहेर आलीच नाही. मी फोनवर विचारलं, "आजी, घरातलं काय काय न्यायचंय तुला?" ती म्हणाली, "भांडीकुंडी काका नेईल गं. फणसाचं काही उरलं तर बघ."

मी बेंगळुरूला असते. दिवसभर कीबोर्ड बडवते. घराजवळ दर शनिवारी लेथवरचं लाकूडकाम शिकवतात, तिथे मी नुकतंच नाव घातलं होतं. ठरवून टाकलं. फणसाचा एक छान वाडगा करायचा आणि दसऱ्याच्या आत आजीच्या हातात द्यायचा. दोन शनिवार पुरतील, असा माझा हिशोब होता.

लाकडाचं स्वतःचं कॅलेंडर असतं

आमचे शिकवणारे काका मूळचे चन्नपट्टणचे. बेंगळुरूहून म्हैसूरला जाताना वाटेत लागणारं, रंगीत लाकडी खेळण्यांचं गाव. तिथे लेथवर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची रंगीत कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याच्या जातीचं पान दाबून धरलं की चकाकी येते. आपल्या सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि आंध्रातल्या एटिकोप्पाकाची खेळणी याच घराण्यातली.

काकांनी फोनवरच पहिली सूचना दिली. ओंडक्याच्या दोन्ही टोकांना आजच्या आज जाड ऑइल पेंट लावा. ओल्या लाकडातलं पाणी कापलेल्या टोकांतून सर्वांत लवकर उडून जातं. टोकं आधी सुकून आकसतात, आतला भाग ओलाच राहतो आणि लाकूड तडकतं. बाबांनी गेटला लावून उरलेला हिरवा रंग फासला आणि ओंडका टेम्पोने पाठवून दिला.

दुसरी गोष्ट, ओंडका मधोमध उभा चिरायचा आणि मधला गाभा काढून टाकायचा, कारण तडे बहुतेक तिथूनच सुरू होतात. म्हणजे माझ्या हातात दोन अर्धे आले. दोन वाडगे, किंवा दोन संधी म्हणा.

तिसरी गोष्ट, परसातल्या झाडात खिळा असणारच असं धरून चालायचं. काकांनी धातू शोधायचं छोटं यंत्र फिरवलं आणि दुसऱ्या अर्ध्यात ते वाजलं. पोखरून काढला तर बोटभर लांबीचा गंजलेला खिळा. झाडाने तो कधीचाच पोटात घेतला होता. भोवतीचं लाकूड निळसर काळं पडलं होतं. फिरत्या लाकडात खिळा राहिला असता तर हत्यार उडून आलं असतं.

पहिला वाडगा

पहिला अर्धा मी लेथवर चढवला. फणसाचं ताजं लाकूड हळदीसारखं पिवळं असतं. तंजावरच्या वीणा याच लाकडाच्या होतात. गोल पटाशी लावताच ओल्या ढलप्यांचा फवारा उडायला लागला आणि मला वाटलं, हे तर फारच सोपं आहे!

काका म्हणाले, "आत्ता फक्त जाड आकार काढा. बाकी पाच महिन्यांनी." मी हट्ट धरला. आजीला दसऱ्याआधी द्यायचाय, आत्ताच पातळ करून संपवते. त्यांनी खांदे उडवले.

इथे एक बारीक गोष्ट समजून घ्या. वाडग्याच्या बुडाला एक छोटी गोल बैठक ठेवतात. लेथचे जबडे तिलाच पकडतात. काम संपलं की ही बैठक कापून टाकायची असते. त्यामुळे आतून खोली मोजताना ती सोडून हिशोब करायचा. मी घाईत बैठक धरून मोजलं. आतून छान खोल गेले. पटाशीचा आवाज हळूहळू बारीक, चिरका होत गेला. लाकूड पातळ झालं की आवाज असाच चढतो, पण तेव्हा माझा कान तयार नव्हता. मग एक "टक्" आणि वाडग्याच्या बुडाला रुपयाएवढं भोक.

कुणीच काही बोललं नाही. काकांनी लेथ बंद केला आणि मला चहा आणून दिला. मी खाली पडलेल्या पिवळ्या ढलप्यांकडे बघत बसले. लेखातली ओळ खोडली तर पुन्हा लिहिता येते. इथे तसं काही नव्हतं. आजीच्या झाडाचा अर्धा भाग मी वाया घालवला होता.

दोनदा घडवायचं, मध्ये थांबायचं

दुसऱ्या अर्ध्याला मी सांगितलं तेवढंच केलं. तोंडाशी १० इंच व्यास, म्हणून भिंत १ इंच जाड ठेवली. व्यासाच्या साधारण दहावा भाग, हा कातकामातला चालत आलेला हिशोब. मग तो जाडजूड वाडगा त्याच्याच ढलप्यांसोबत कागदी पिशवीत बांधून कपाटाखाली ठेवला, म्हणजे तो सावकाश सुकेल.

दर रविवारी मी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची. पहिल्या दिवशी १,६४० ग्रॅम. सुरुवातीला वजन भराभर उतरलं, मग हळूहळू. वजन उतरायचं थांबलं की समजायचं, लाकूड तयार झालं.

दसरा आला. आजी पुण्याला गेली. मी रिकाम्या हाताने सामान बांधायला गेले होते. परसात बुंध्याचा गोल तेवढा उरला होता. आजी त्याच्याजवळ थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "झालं का गं तुझं भांडं?" मी म्हटलं, "सुकतंय अजून." ती म्हणाली, "सुकू दे." पुढे पुण्यापर्यंत काही बोलली नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला काटा १,१०० ग्रॅमच्या आसपास येऊन थांबला. पिशवीतून वाडगा काढला तर तो गोल राहिलाच नव्हता, लंबगोल झाला होता. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, आडवं मात्र चांगलंच आकसतं. म्हणूनच भिंत जाड ठेवायची. वाकड्या वाडग्यातून पुन्हा गोल वाडगा निघायला तेवढी जागा लागते.

शेवटचे हात

दुसऱ्यांदा लेथवर चढवला तेव्हा तो टक-टक-टक असा ठेचकाळत फिरत होता. हलक्या हाताने कापत गेलं की ठेचा कमी होतात आणि अचानक आवाज सलग होतो. वाडगा परत गोल झालेला असतो. या क्षणाचा आनंद सांगता येणार नाही.

काकांनी शिकवलेले तीन नियम सांगते. पहिला, आधी धारेमागचा उतार लाकडावर टेकवायचा आणि मग दांडा सावकाश उचलत धार लावायची. दुसरा, बाहेरून बुडाकडून काठाकडे कापत यायचं आणि आतून काठाकडून बुडाकडे जायचं. असं केल्याने कापल्या जाणाऱ्या रेषांना खालच्या रेषांचा आधार मिळतो आणि त्या उचकटत नाहीत. तिसरा, मधूनमधून लेथ थांबवायचा, डोळे मिटायचे आणि एक बोट आतून, एक बाहेरून असं भिंतीवरून फिरवायचं. डोळ्यांना न दिसणारा फुगवटा बोटांना कळतो.

आता तो काळा डाग. खिळ्याची जागा बाहेरच्या बाजूला, बुडाच्या थोडी वर आली होती. सगळा वाडगा सोनेरी आणि तिथेच शाई सांडल्यासारखं. अजून दोन-तीन हात मारले असते तर डाग बहुतेक गेला असता. मी पटाशी उचललीही. मग भिंत मोजली. त्या जागी ती आधीच ८ मिलिमीटरवर आली होती. मागच्या खेपेचा तो "टक्" कानात होताच. पटाशी खाली ठेवली.

पुढे पॉलिश पेपर. १२०, १८०, २४०, ३२०, एकही नंबर न गाळता. आधीच्या पेपरचे ओरखडे पुढच्याने काढायचे असतात. एक नंबर गाळला तर ते तेल लावल्यावर उठून दिसतात. वाडग्याच्या प्रत्येक फेरीत दोन ठिकाणी हत्यार रेषांच्या टोकांना भिडतं. तिथे लाकूड खरबरीत राहतं, म्हणून त्या दोन जागांना जास्त वेळ द्यायचा. शेवटच्या पेपरआधी ओल्या फडक्याने पुसलं की दबलेले तंतू उभे राहतात. सुकल्यावर ते घासून टाकायचे.

संक्रांत

वाडगा घेऊन मी रात्रीच्या बसने पुण्याला गेले. आजीने तो हातात घेतला, उलटा केला, नाकाशी नेला. मी आधीच सांगून टाकलं, "आजी, तो डाग राहिलाय. काढला असता तर वाडगा फुटला असता."

तिने डागावर अंगठा ठेवला. "हा वाळवणाच्या दोरीचा खिळा," ती म्हणाली. "तुझ्या आजोबांनी ठोकला होता. त्यानंतर किती दिवस मी त्यांच्यावर चिडले होते, झाडाला खिळा मारला म्हणून."

मग ती उठली आणि डब्यातले तिळाचे लाडू वाडग्यात ओतून काकूकडे दिले. "सगळ्यांना यातूनच दे."

तुमच्याकडे लाकडी वाडगा असेल तर

- पाण्यात भिजत ठेवू नका. ओल्या फडक्याने पुसा किंवा चटकन धुऊन लगेच कोरडा करा. डिशवॉशर आणि कडक ऊन दोन्ही टाळा.
- लाकूड फिकट, कोरडं दिसलं की फूड ग्रेड मिनरल ऑइल लावा. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं रोजचं तेल काही दिवसांनी खवट वास धरतं.
- जवसाचं तेल लाकडावर सुकून घट्ट होतं, म्हणून चांगलं. पण त्याची फडकी चुरगळून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवा.
- लेथ शिकायचा असेल तर केस बांधा, ओढणी, अंगठी, बांगड्या काढा, चेहऱ्यावर शील्ड लावा आणि घासताना मास्क घाला.

आणि घराजवळचं एखादं ओळखीचं झाड पडलं तर सगळं लाकूड वखारीत जाण्याआधी एक ओंडका मागून घ्या. टोकांना रंग लावा. पुढचं सावकाश ठरवा. भोक पडलेला पहिला वाडगा सध्या माझ्या टेबलावर आहे. त्यात मनी प्लांट लावलाय, आणि पाणी छान निथळतं.