पाटी पुजली, पुढे काय?

दसरा जवळ आला की सातारा-सांगलीकडच्या आमच्या मोहल्ल्यांत एक प्रश्न हमखास निघतो. शाळेत पाटीपूजन आहे, त्या दिवशी पोराला पाठवायचं का? कुणी सांगतं, घरीच ठेवा. उलट काही मुख्याध्यापक म्हणतात, यात धर्म कुठे आला, ही तर आपली संस्कृती! मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, आणि माझं भांडण दोघांशीही आहे.

आधी आपल्या लोकांशी. पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढून हळदकुंकू वाहणं ही हिंदू घरातली सुंदर रीत आहे. मुलाच्या हाती पहिलं अक्षर देताना आईबापांना देव आठवला तर नाक मुरडायचं कशाला? लेकरू चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की आपण बिस्मिल्लाखानी करतो, ती काय वेगळी? ही रस्म कुराणात नाही, ती याच मुलखात रुजली. मराठीत सुरुवातीला श्रीगणेशा म्हणतात, बिस्मिल्ला म्हणतात आणि ओनामाही म्हणतात. भाषेला यात अडचण वाटली नाही, मग आपल्याला का वाटावी?

आता मुख्याध्यापकांशी. घरातली रीत वर्गात आणली की तिचा अर्थ बदलतो. घरच्या पूजेत मी पाहुणा असतो; वर्गातल्या पूजेत हात न जोडणारं पोर एकटं पडतं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला उपासनेत सामील करता येत नाही, असं राज्यघटनेचं कलम 28 सांगतं. सहा वर्षांचं पोर ‘मला नको’ म्हणू शकत नाही. म्हणून संमती आधी विचारायची असते, गृहीत धरायची नसते. पालकांनीही हे शिक्षकांना शांतपणे सांगावं, आणि पोराला शाळेत पाठवावं. शाळा बुडवून कुणाचा ईमान वाचत नाही.

संस्कृतीची भाषा करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. विद्येच्या दाराशी होणारे संस्कार सगळ्यांसाठी कधीच नव्हते. उपनयन वरच्या तीन वर्णांचं, शूद्र बाहेर. बाईसाठी तर मनुस्मृतीनं लग्न हेच उपनयन ठरवलं. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाईंना अक्षर मिळालं ते ही चौकट मोडून. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. त्या मुलाला वर्गात बसायला स्वतःचं गोणपाट घरून आणावं लागे. आज शासन तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. पुढे 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. ते जैन होते, पण त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहिली, एकत्र जेवली. आपल्या मातीतला खरा विद्यारंभ हा.

आणि आपला हिशोब? बिस्मिल्लाला दोनशे माणसांची दावत, हार-फुलं, फोटोग्राफर. गावातली उर्दू शाळा सातवीला संपली की तीच मुलगी घरात. विचारलं तर ‘पुढची शाळा लांब आहे’. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, हे त्याच घरात कुणाला ठाऊक नसतं. वहीची पहिली ओळ वाजतगाजत लिहायची आणि आठवीत वहीच मिटायची, याला तालीम म्हणत नाहीत. ‘इक्रा’ म्हणजे वाच. तो हुकूम सातवीपर्यंतचा नाही, आणि फक्त मुलग्यांसाठीही नाही.

पाटीपूजनावर वाद घालायला मोहल्ल्यात बैठक भरते. एक बैठक आठवीत न गेलेल्या मुलींची यादी करायला भरवा. मी वही-पेन घेऊन येतो.