भिंत पाडायचीय? बजेटची पहिली ओळ इंजिनीअरची

ओपन किचनचं खूळ सध्या जोरात आहे. रीलमध्ये हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत गायब होते, तिथे लांबलचक ओटा येतो, वर तीन लटकते दिवे. मग आपणच आई-बाबांच्या मागे लागतो, ‘आपणही करू ना!’ दिवाळीआधी मिस्त्री येतो, भिंतीवर टकटक करतो आणि म्हणतो, ‘होऊन जाईल, दोन दिवसांचं काम.’ पण ‘होऊन जाईल’ म्हणजे एस्टिमेट नव्हे. भिंत पाडायच्या बजेटमध्ये पहिली ओळ टाइल्सची नको, स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या फीची हवी. आणि हट्ट आपला असेल, तर ती ओळ लिहायची जबाबदारीही आपलीच.

आपल्या चिखलीत तर हे जास्तच लागू होतं. हे गाव १९९७ मध्ये महापालिकेत आलं. त्याआधीची गावठाणातली घरं, नंतर मोरेवस्ती, साने चौक परिसरात गुंठा-अर्ध्या गुंठ्यावर उभी राहिलेली घरं आणि आता मोशीच्या बाजूला वाढणारे टॉवर, असं सगळं इथे शेजारी शेजारी आहे. बाहेरून रंग सारखा असला तरी आतला सांगाडा वेगळा असतो.

लोड बेअरिंग घरात पिलर नसतात. नऊ इंची भिंतीच स्लॅब उचलून धरतात. वर भाड्याच्या खोल्या चढवल्या असतील तर त्यांचंही वजन त्याच भिंतींवर. तळमजल्यावर गाळा काढायला अशी भिंत पाडली, तर वरच्या भाडेकरूच्या पायाखालचाच आधार जातो. पिलर-बीमच्या इमारतीत आतली भिंत बऱ्याचदा फक्त आडोसा असते, पण कुठली ते नकाशा बघितल्याशिवाय कळत नाही. फ्रिज बसावा म्हणून पिलरचा कोपरा ‘थोडासा छिलणं’ तर तिथेही चालत नाही. नव्या टॉवरमध्ये अनेक ठिकाणी मायवान पद्धत असते. तिथे भिंती आणि स्लॅब एकत्र काँक्रीटमध्ये ओतलेले असतात. तिथे भिंत पाडायचा विषयच सोडून द्या. टकटक करून हा फरक कुणालाही खात्रीने सांगता येत नाही.

हा पुस्तकी इशारा नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण सुरू होतं आणि त्यात पिलरला हात लावल्याचा रहिवाशांचा आरोप होता. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेला सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब खाली आला, सहा जण गेले. काम एका घरात होतं, पण मरण पावलेल्यांमध्ये इतर मजल्यांवरची माणसंही होती.

आता बजेट. इंजिनीअरची भेट आणि त्याचा लेखी सल्ला, ही पहिली ओळ. भिंत वजन घेणारी निघाली आणि तरीही काढायचीच असेल, तर तिच्या जागी लोखंडी गर्डर लागतो, त्याच्या दोन्ही टोकांना काँक्रीटचा पक्का आधार लागतो आणि काम संपेपर्यंत स्लॅबखाली टेकू लागतात. कधी कधी ही बेरीज बघूनच घरचे बेत बदलतात. बदलू देत, तोही फायदाच.

मग राडारोडा. दहा फूट बाय दहा फुटांची नऊ इंची विटांची भिंत साधारण चार टन भरते. तीस किलोची गोणी धरली तर सव्वाशेहून जास्त गोण्या! त्या जिन्यावरून उतरवायची मजुरी आणि टेम्पोचं भाडं, हे आधीच ठरवा. नाहीतर तो ढीग रात्रीत इंद्रायणीच्या काठावर जातो. राडारोड्यावर प्रक्रिया करणारा महापालिकेचा प्रकल्प मोशीला आहे, म्हणजे लांबही नाही. शिवाय भिंतीतली वायरिंग आणि पाइप हलवणं, प्लॅस्टर, रंग, आणि भिंत होती तिथे फरशीत पडणारा पट्टा. जुन्या टाइल्सशी जुळणारी टाइल बहुतेक मिळत नाही, मग अख्ख्या हॉलची फरशी बदलायचा मोह होतो. म्हणून एकूण रकमेच्या १५-२० टक्के वेगळे ठेवा. लाखाचं काम असेल तर १५-२० हजारांना हात लावायचा नाही.

परवानगीचंही तसंच. सोसायटीत असाल तर उपविधींनुसार कमिटीची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. इंग्लंडमध्ये जुन्या घरांत शेकोटीचं धुराडं खोलीत पुढे आलेलं असतं. सामाईक भिंतीतलं ते धुराडं काढायचं तर १९९६ च्या कायद्यानुसार शेजाऱ्याला आधी लेखी नोटीस द्यावी लागते. आपल्याकडेही दोन घरांत एकच भिंत असणं नवीन नाही. निदान शेजारच्या काकांना आणि वरच्या भाडेकरूला आधी सांगायला काय हरकत आहे?

मला माहितीय, यावर उत्तर काय येईल. ‘आमच्या घराचा नकाशाच मंजूर नाही. इंजिनीअर बोलावला की महापालिकेची नोटीस येईल.’ ही भीती खोटी नाही. चिखली-कुदळवाडीने २०२५ मध्ये बुलडोझर जवळून बघितलाय. पण खासगी इंजिनीअर म्हणजे महापालिका नव्हे. त्याला बोलावून घर अधिकृत होत नाही, पण कुठली भिंत पाडायची नाही, हे तरी कळतं.

महापालिकेनेही इथे दोन पावलं पुढे यावं. क्षेत्रीय कार्यालयात आठवड्यातून एक दिवस परवानाधारक इंजिनीअर बसवावा. लोकांनी फोटो आणि मापं घेऊन यावं, कमी फीमध्ये सल्ला घ्यावा, आणि या सल्ल्यासाठी कागद तपासायचे नाहीत, हे आधीच जाहीर करावं. निगडी-आकुर्डीच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतले सिव्हिलचे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली मापं घ्यायला येऊ शकतात. त्यांना अनुभव मिळेल, वस्तीला सल्ला.

तोपर्यंत आपल्या हातात एक गोष्ट आहे. घरात मिस्त्री ‘होऊन जाईल’ म्हणाला की त्याला चहा द्या आणि विचारा, ‘काका, वरचं वजन कशावर आहे?’ उत्तर कागदावर मिळेपर्यंत हातोडा पिशवीतच राहू द्या.