वीतभर उपग्रहाचा दर्यावर कान

१२ जुलै २०१० रोजी श्रीहरिकोटाहून झेपावलेल्या पीएसएलव्हीची बातमी झाली ती कार्टोसॅट-२बी या उपग्रहामुळे. त्याच अग्निबाणातून नॉर्वेचा ‘एआयएससॅट-१’ही वर गेला. २० सेंटिमीटर बाजूचा, म्हणजे जेमतेम वीतभर ठोकळा. वजन ६ किलो. काम एकच, जहाजांची हाक ऐकणे.

मोठी जहाजे आपले नाव, ठिकाण, वेग आणि दिशा रेडिओवरून सतत सांगत असतात. ही एआयएस यंत्रणा आली टक्कर टाळण्यासाठी. पृथ्वीच्या गोलाईमुळे किनाऱ्यावरच्या मनोऱ्याला ही हाक सुमारे ४० सागरी मैलांपर्यंतच ऐकू येते. कक्षेतून मात्र हजारो किलोमीटरचा टापू एकाच वेळी टप्प्यात येतो. बुडत्या बोटीचे शेवटचे ठिकाण आणि तिच्या सर्वांत जवळचे जहाज एवढे कळले, तरी शोधाचे कित्येक तास वाचतात. पाण्यात पडलेल्या माणसाकडे तेवढेच तास असतात.

नॉर्वेला हा उपग्रह फळला तो भूगोलामुळे. ध्रुवांवरून फिरणारा उपग्रह दर फेरीला, साधारण दीड तासाने, उत्तरेच्या समुद्रावर येतो. अरबी समुद्रावर तो दिवसातून मोजक्याच वेळा येणार. शिवाय गजबजलेल्या सागरी मार्गांवर असंख्य जहाजांचे संदेश वर पोहोचेपर्यंत एकमेकांत मिसळतात. त्यामुळे एकट्यादुकट्या उपग्रहाने आपले भागणार नाही. विषुववृत्तालगतच्या कक्षांत छोट्या उपग्रहांचा ताफाच हवा, आणि तो उभारण्याची कुवत इस्रोकडे आहे.

पण वरचा कान ऐकणार तो बोलणाऱ्या होडीलाच. २०१७च्या अखेरीस ओखी वादळाने केरळ-तामिळनाडूच्या मासेमारांना खोल समुद्रात गाठले. अनेक बोटी देवगडच्या आश्रयाला आल्या. कित्येक खलाशी परतलेच नाहीत, आणि कोण कुठे आहे हे घरच्यांना दिवसेंदिवस कळत नव्हते.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. त्यांतून उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश जातो. संकटाची हाकही जाते. योजना योग्य आहे, मात्र यंत्र बोटीवर बसले म्हणजे ते चालते असे नव्हे. खारे पाणी आणि उतरलेली बॅटरी त्याला मुके करू शकते. म्हणून पावसाळी मासेमारीबंदी उठण्यापूर्वी प्रत्येक बंदरात ही यंत्रे तपासावीत, तांडेलांकडून संकटसंदेशाचा सराव करून घ्यावा आणि किती होड्यांची यंत्रे चालू आहेत याचा बंदरवार आकडा मत्स्यव्यवसाय विभागाने जाहीर करावा. छोट्या होड्यांना यात पहिला क्रमांक द्यावा.