प्रयोगाचे बिल कोणाच्या माथी?

आयव्हीएफच्या दोन-तीन फेऱ्यांनंतरही गर्भ रुजला नाही, की दवाखान्यातले बोलणे ‘इम्युनिटी’वर येते. तुमचे शरीरच गर्भाला परके मानते, असे बाईला सांगितले जाते. दोष तिचाच, हे ऐकायची तिला सवय असतेच. मग बिलात एक ओळ वाढते, प्रतिकारपेशींच्या उपचाराची.

कल्पना खुळचट नाही. निम्मा वारसा पित्याचा असलेला गर्भ आईचे शरीर सहन कसे करते, हे कोडे पीटर मेडावर यांनी १९५३मध्ये मांडले. गर्भाशयातल्या ‘नॅचरल किलर’ पेशी तर नावाच्याच मारेकरी. वारेकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या रुंदावण्यास त्या हातभार लावतात. रक्तातल्या पेशींहून त्या वेगळ्या, तरी दंडातले रक्त तपासून गर्भाशयाचे निदान सांगणारे आहेतच. उपचार म्हणून क्योतोच्या डॉक्टरांनी स्त्रीच्याच रक्तातल्या प्रतिकारपेशी एचसीजी संप्रेरकासह वाढवून गर्भाशयात सोडल्या. २००६च्या त्या अहवालात वारंवार अपयश आलेल्या १७पैकी ७ जणींना गर्भ राहिला. उपचार न घेतलेल्या १८पैकी दोघींना. आशा वाटावी असे आकडे, पण एकूण स्त्रिया ३५! युरोपातील वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३मध्येही या उपचाराची शिफारस केली नाही.

पतीच्या पेशी पत्नीला टोचण्याच्या याआधीच्या उपचाराचा अनुभव ताजा असायला हवा. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांवरील १९९९च्या ‘लॅन्सेट’मधील चाचणीत त्याचा फायदा दिसलाच नाही, अमेरिकेच्या औषध नियामकाने २००२मध्ये तो रीतसर चाचणीपुरता मर्यादित केला.

उपचार सिद्ध झालेला नसेल, तर तो प्रयोग आहे. संशोधनाचा जादा खर्च सहभागी व्यक्तीवर टाकू नये, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची नीतितत्त्वे सांगतात. इथे मात्र प्रयोगाला ‘पॅकेज’ म्हटले, की खर्च जोडप्याचा आणि निष्कर्ष कुणाचाच नाही. यशाची शक्यता, खर्च आणि धोके सांगण्याचे बंधन २०२१च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने दवाखान्यांवर घातले आहेच. ते प्रत्येक जोडउपचारासाठी वेगळ्या कागदावर, मराठीत लिहून दिले पाहिजे.

असे काम सरकारी व्यवस्थेला नवे नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत महापालिकेच्या केईएममध्ये टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, ते डॉ. इंदिरा हिंदुजा आणि आयसीएमआरच्या प्रजननसंस्थेच्या एकत्रित कामातून. प्रतिकारपेशींच्या उपचाराची चाचणीही तशीच सरकारी रुग्णालयात, सरकारी पैशाने व्हावी, आणि ती होईपर्यंत खासगी दवाखान्यांनी ही ओळ बिलातून काढावी.