कळंबोलीच्या लोखंडातला प्राणवायू

पावसाळा तोंडावर आला की कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारात ताडपत्र्यांची आठवण होते. दारूखाना आणि कर्नाक बंदर येथील व्यापाराचा मोठा भाग सिडकोने वसवलेल्या या बाजारात येऊन स्थिरावला. मात्र खाडीकडचा दमट वारा येथेही सुटला नाही. गंज चढला की मालाचा भाव तुटतो, म्हणून व्यापारी त्याला शत्रूच मानतो. परंतु गंज म्हणजे हवेतील प्राणवायू आणि पाणी यांच्याशी झालेला लोखंडाचा संयोग, आणि खाणीतून निघते ते खनिजही त्याच जातीचे असते. हेमॅटाइट या खनिजाच्या १०० किलोत सुमारे ७० किलो लोखंड आणि ३० किलो प्राणवायू असतो. हा प्राणवायू तेथे आला कोठून?

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षांचे. त्यातील पहिली दोनशे कोटी वर्षे हवेत मोकळा प्राणवायू जवळजवळ नव्हताच. त्यामुळे समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांतून बाहेर पडणारे लोह न गंजता पाण्यात विरघळून राहत असे. लोहयुक्त बोअरवेलचे पाणी बादलीत घेताना नितळ दिसते आणि तासाभराने त्यात तांबूस गाळ बसतो, हा अनुभव अनेक घरांना आहे. आदिम समुद्राची स्थिती त्या न तांबडलेल्या पाण्यासारखी होती.

पुढे सायनोबॅक्टेरिया हे डोळ्यांना न दिसणारे जीव अवतरले. पाणी गाळून पिणाऱ्या घरांना सूक्ष्म जीवांचे अस्तित्व नव्याने पटवावे लागत नाही. त्यांचे कर्तृत्व मात्र थक्क करणारे आहे. सूर्यप्रकाशात पाण्याचे विघटन करून ते प्राणवायू बाहेर टाकू लागले. तो लोहाशी संयोग पावे आणि तांबडा गाळ तळाशी बसे. काही जिवाणू तर प्राणवायू न सोडताही प्रकाशाच्या बळावर लोहाचे असेच रूपांतर करीत. लोहाचा एक थर, सिलिकेचा एक थर, असे पट्टेदार खडक साचत गेले. त्यांतील बहुतेक २८० ते १८० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

गडचिरोलीतील सुरजागड, छत्तीसगडमधील बैलाडिला, बल्लारीजवळील संडूर येथील डोंगर याच खडकांचे. कोकणातील रेडी आणि गोव्याच्या खाणीही त्याच कुळातल्या. पाण्याने सिलिका धुऊन नेली, तेथे उत्तम प्रतीचे खनिज उरले. कळंबोलीच्या पायाखालचा काळा कातळ या हिशेबाने अगदीच अलीकडचा, केवळ ६.६ कोटी वर्षांचा.

समुद्रातील लोह जोवर प्राणवायू गिळत होते, तोवर हवेच्या वाट्याला फारसे काही येत नव्हते. जुने देणे फिटल्यावाचून खात्यावर शिल्लक दिसत नाही, तसाच हा प्रकार. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी ती शिल्लक दिसू लागली. आधीच्या अनेक जिवाणूंना हा वायू विषच ठरला. त्यांना चिखलात, खोल पाण्यात आसरा शोधावा लागला. पृथ्वीला उबदार ठेवणारा मिथेन घटला आणि प्रदीर्घ हिमकाळ आला, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच वायूतून ओझोनचे छत्र तयार झाले आणि प्राणवायूवर जगणाऱ्या मोठ्या जीवांची वाट मोकळी झाली. जीवांनी हवा बदलली. बदललेल्या हवेने पुढचे जीव निवडले.

झोतभट्टी हा क्रम उलटा फिरवते. खनिजातील प्राणवायू कोकमधील कार्बन ओढून घेतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन धुराड्यातून जातो. कोक ज्या दगडी कोळशाचा, तो पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या अरण्यांचा. भट्टीतला चुनखडकही पुष्कळदा शंख-शिंपल्यांचा. या मार्गाने एक टन पोलाद करताना सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तो आता व्यापाराच्या हिशेबात आला आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली, तीत टनामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जनाची अट आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून आयात पोलादातील कार्बनवर आकारणीची व्यवस्था लागू केली.

येथे भंगाराचे मोल कळते. त्यातील प्राणवायू एकदा काढून झालेला असतो. जालन्यातील भट्ट्यांप्रमाणे ते विजेवर वितळवले की कोकची गरज उरत नाही, आणि वीज कोळशाची असली तरी एकूण धूर पुष्कळ कमी होतो. मात्र तेच भंगार चार महिने उघड्यावर भिजले, तर लाल साल धरते आणि तेवढे लोखंड पुन्हा खनिजाच्या स्थितीला जाते. भट्टीत त्याचा बराचसा भाग स्लॅगमध्ये निघून जातो आणि वजनकाट्यावर मोजून घेतलेल्या मालात तेवढी घट येते.