बंदी मुंबईची, कचरा घाटंजीचा

दिवाळीच्या अंकात कचऱ्यावर लिहिणे म्हणजे फराळाच्या ताटाशेजारी केरसुणी आणून ठेवणे, हे मला समजते. पण वाचकहो, फराळाचे सामान ज्या पिशवीतून येते ती चार दिवसांनी कुठे जाते, हे एकदा आमच्या वाघाडी नदीच्या काठी उभे राहून पाहावे. आमच्याकडे तिला पन्नी म्हणतात. पाणी ओसरले की काठच्या बाभळींना फुलांऐवजी पन्न्याच लागलेल्या दिसतात.

23 मार्च 2018 रोजी महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. जाडी कितीही असो, पिशवी बंद! पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड, दुसऱ्याला 10,000, तिसऱ्याला 25,000 आणि वर तीन महिने कैद. तीन महिन्यांची मुदत संपून 23 जूनला दंड सुरू झाला, आणि पंधरवडाही लोटला नाही तोच किराणा दुकानातल्या वेष्टनाला सूट मिळाली. ते पन्नास मायक्रॉनहून जाड असले म्हणजे झाले.

भाजीवाली मला म्हणाली, "गुरुजी, वाण्याची पन्नी चालते, अन् माही कावून नाही चालत?"

काय सांगावे? मी शाळेतले स्क्रूगेज काढले. त्याची एक रेघ दहा मायक्रॉनची. म्हणजे कायदा आणि गुन्हा यांच्यामध्ये पाच रेघा. त्या वाचताना मॅट्रिक झालेल्या मलाच चष्मा पुसावा लागला! बाजारात तराजू असतात हो, स्क्रूगेज नसतात.

बंदीला माझा विरोध नाही. ती आली तेव्हा मी पेढे वाटले असते. माझे भांडण निराळे आहे. सूट देताना घाटंजीला कोणी विचारले? चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने 1992 साली घनकचरा हा विषय नगरपालिकांच्या यादीत बसवला. यादी उत्तम आहे. पण गावात काय यावे हे ठरवणार मुंबई, आणि आलेले उचलणार गाव. नगरपरिषदेने स्वतःचा उपविधी करावा म्हटले तर त्याला वरची मंजुरी हवी. नुसता ठराव केला तरी 1965 च्या अधिनियमातले 308 वे कलम तो स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना देते. आमच्या हाती उरला तो झाडू आणि दंडाचे पावतीपुस्तक.

यावर शहाणी माणसे सांगतात की, गावोगाव वेगळा नियम झाला तर व्यापाऱ्याने काय करायचे? अहो, 1999 पर्यंत गावोगाव जकात होती. नाक्यानाक्यावर वेगळा दर भरून व्यापाऱ्यांनी माडीवर माडी चढवली! तेव्हा जो व्यापार बुडाला नाही, तो कागदाच्या पुड्याने आणि सुतळीने कसा बुडेल?

हे दुखणे आपल्याच देशाचे आहे असेही नाही. अमेरिकेत टेक्सास राज्यात रिओ ग्रान्दे नदीच्या काठी लारेडो नावाचे शहर आहे. त्याने दुकानातल्या पातळ पिशव्यांना मनाई केली. व्यापारी कोर्टात गेले, आणि 22 जून 2018 रोजी तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, राज्याचा कायदा असताना शहराला ही मनाई करता येत नाही. आपल्याकडे दंड सुरू झाला त्याच्या आदल्याच दिवशी! तिथे शहर पुढे गेले म्हणून राज्याने मागे ओढले. इथे राज्याने एक पाऊल पुढे टाकले, मग अर्धे मागे घेतले, आणि दोन्ही वेळा गावाला नुसते कळवले.

त्याच अधिसूचनेत दुधाच्या रिकाम्या पिशवीमागे निदान पन्नास पैसे परत देण्याचे कलम होते. आमच्या घरी रोज एक पिशवी रिकामी होते. सौ. ने त्या धुऊन, वाळवून पाटीभर साठवल्या. पन्नास पैसे काही कोणी दिले नाहीत.

माझी मागणी लहानशी आहे. राज्याने किमान नियम घालून द्यावा, आणि त्याहून कडक नियम करायचा असेल तर त्या गावाला करू द्यावा. कोणाची परवानगी न मागता. घाटंजीने किराण्याची पन्नीही बंद केली, तर मते गमावतील ती घाटंजीचे नगरसेवक गमावतील. मुंबईने त्याची काळजी का करावी?